विलायतेहून परत आलेले भाऊसाहेब

मुलामुलींनो, आणि शाळा पाहायला आलेल्या आईवडिलांनो, यावेळच्या भित्तिपत्रकात आपण आपल्याच वऱ्हाडातल्या एका थोर माणसाचे चरित्र वाचणार आहोत. त्यांचे नाव डॉ. पंजाबराव देशमुख. लोक त्यांना प्रेमाने भाऊसाहेब म्हणत. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव आहे, म्हणून नाव तर सर्वांना ठाऊक आहे. पण भाऊसाहेब सहा वर्षे विलायतेत होते, तिकडे जायला पैसा कुठून आला, आणि परत आल्यावर त्यांनी काय केले, हे पुष्कळांना माहीत नसते. तेच आज सांगायचे आहे.

अमरावती जिल्ह्यात पापळ नावाचे खेडे आहे. हल्ली ते नांदगाव खंडेश्वर तालुक्यात येते. तिथे २७ डिसेंबर १८९८ रोजी एका शेतकऱ्याच्या घरी पंजाबरावांचा जन्म झाला. वडिलांचे नाव शामराव आणि आईचे नाव राधाबाई. घरचा धंदा शेतीचा. वऱ्हाडातली शेती म्हणजे काळी जमीन, पऱ्हाटी आणि ज्वारी. पाऊस नीट झाला आणि कापसाला भाव आला तर वर्ष चांगले जाते. नाही तर सावकाराचे दार आहेच. आपल्या घरी आजही असेच असते, म्हणून हे जास्त समजावून सांगायला नको.

गावात शाळा होती, पण ती लहान. पुढे शिकायचे तर गाव सोडावे लागे. पंजाबराव चौथीसाठी चांदूर रेल्वेला गेले. त्यानंतर कारंजा लाडला, आणि मग अमरावतीला हिंदू हायस्कूलमध्ये. बघा बरे, मॅट्रिक होण्यासाठी शेतकऱ्याच्या पोराला किती गावे फिरावी लागली! कुठे खोली, कुठे खानावळ, कुठे ओळखीच्यांचे घर. वसतिगृह नसले म्हणजे खेड्यातल्या मुलाचे कसे हाल होतात ते त्यांनी लहानपणीच पाहिले. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढे तिचा उपयोग आहे.

मॅट्रिकनंतर ते पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गेले. तिथे शिकता शिकता त्यांच्या मनाने घेतले की आपण विलायतेला जाऊन शिकायचे.

आता १९२० सालची विलायत म्हणजे काय चीज होती? तेव्हा आपल्याकडचे जे लोक तिकडे जात ते बहुतेक संस्थानिकांचे, बड्या अधिकाऱ्यांचे नाहीतर मोठ्या वकिलांचे मुलगे असत. अमरावतीचे नामांकित वकील दादासाहेब खापर्डे १९०८ साली लोकमान्य टिळकांच्या खटल्याच्या कामासाठी इंग्लंडला गेले होते आणि दोन वर्षांनी परत आले होते. पण ते श्रीमंत होते. पापळच्या शेतकऱ्याने मुलगा विलायतेला धाडणे म्हणजे लोकांना नवलच वाटणार. समुद्र ओलांडला तर धर्म बुडतो असे मानणारे लोकही त्या काळी होतेच.

शामराव काही मोठे धनवान नव्हते. तरी त्यांनी मुलाला नाही म्हटले नाही. त्यांनी कर्ज काढले, शेती गहाण टाकली. शेती गहाण टाकणे म्हणजे काय ते आपल्या आईवडिलांना विचारा. वावर आपलेच असते, नांगर आपलाच फिरतो, पण रात्री झोप येत नाही. व्याज सुटीच्या दिवशीही वाढते. कर्ज फिटले नाही तर बापजाद्याची जमीन हातची जाते. म्हणजे बोटीत बसला एक जण, पण पणाला लागले सगळे घर.

१९२० साली पंजाबराव निघाले. त्या वेळी इकडून विलायतेला जाणारी प्रवासी विमाने नव्हती. बैलबंडीने स्टेशन गाठायचे, मग आगगाडीने मुंबई. बडनेऱ्याहून मुंबई सुमारे साडेसहाशे किलोमीटर. मुंबईहून इंग्लंडकडे जाणारी आगबोट अरबी समुद्र ओलांडून एडनला जाई. तिथून तांबडा समुद्र, मग सुएझचा कालवा, आणि पुढे भूमध्य समुद्र. तीन आठवडे तरी प्रवासात जात. ज्या वऱ्हाडात समुद्र कुठेच नाही, तिथल्या मुलाला तीन आठवडे नुसते पाणीच पाणी दिसले तर त्याला कसे वाटत असेल, कल्पना करा.

ते स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरी जाऊन राहिले. एडिंबरा आपल्यापेक्षा खूप उत्तरेला आहे. नकाशात पाहा, अमरावती २१ अंशाच्या जवळ आणि एडिंबरा जवळजवळ ५६ अंशावर. म्हणून तिकडे डिसेंबरात सूर्य सकाळी साडेआठनंतर उगवतो आणि दुपारी चारच्या आत मावळतो. इकडे वैशाखात अंगाची लाही लाही होते, आणि तिकडे थंडीने बोटे वळत नाहीत. खाणे वेगळे, बोलणे वेगळे. ज्वारीची भाकर आणि ठेचा तिथे कुठला मिळणार?

शिवाय पैशाची काळजी. तिकडे खर्च पौंडात करायचा आणि इकडून पैसा यायचा रुपयांत. १९२१ नंतरच्या काही वर्षांत एका पौंडाला तेरा ते सोळा रुपये पडत. म्हणजे तिथे एक पौंड खर्च झाला की इथे कापूस विकून तेवढे रुपये उभे करावे लागणार. शेतकऱ्याच्या मुलाला हा हिशेब कोणी शिकवावा लागत नाही. त्यांनी झटून अभ्यास केला. एडिंबरा विद्यापीठाची एम. ए. पदवी मिळवली. पुढे संस्कृतच्या संशोधनासाठी त्यांना तिथली व्हॅन्स डनलॉप नावाची शिष्यवृत्ती मिळाली. परदेशी मुलाने तिकडच्या विद्यापीठात शिष्यवृत्ती पटकावली, हे लहान काम नव्हे. घरावरचा भार त्यामुळे थोडा तरी हलका झाला असेल.

तिथून ते ऑक्सफर्डला गेले. तिथे त्यांनी वेदांच्या वाङ्मयात धर्माची कल्पना कशी उगवली आणि कशी वाढली, ह्या विषयावर मोठा प्रबंध लिहिला आणि डॉक्टर ही पदवी मिळवली. हे डॉक्टर म्हणजे औषध देणारे नव्हेत, विद्येतले डॉक्टर. पुढे १९३३ साली हा प्रबंध ऑक्सफर्डच्या छापखान्याने पुस्तक करून छापला. वेद वाचायचा अधिकार काही थोड्याच लोकांचा आहे असे ज्या काळी आपल्याकडे समजले जाई, त्या काळी पापळच्या शेतकऱ्याच्या मुलाने ही पदवी घेतली.

ह्याच मुक्कामात ते बॅरिस्टरही झाले. बॅरिस्टर होण्याची एक गंमत आहे. नुसती परीक्षा देऊन भागत नाही. लंडनला बॅरिस्टरांच्या ज्या जुन्या संस्था आहेत, तिथे विद्यार्थ्याने ठरावीक वेळा जेवायला हजर राहावे लागे. मोठमोठ्या वकिलांच्या पंगतीत बसून त्यांची रीतभात शिकायची, असा त्यामागचा हेतू.

अशी सहा वर्षे गेली. आपण पुस्तकात एका ओळीत वाचतो की १९२० ते १९२६ विलायतेत होते. पण पापळला ह्या सहा वर्षांत सहा वेळा पेरणी झाली, सहा वेळा कापूस वेचला गेला, सहा दिवाळ्या आल्या. फोन नव्हता. पत्राला जायला दोन-तीन आठवडे आणि उत्तर यायला तितकेच. म्हणजे आईने खुशाली विचारली तर उत्तर हाती पडेपर्यंत महिना-दीड महिना उलटलेला. तेवढ्यात पोरगं आजारी पडून बरंही झालेलं असायचं. विलायतेत राहणे जितके कठीण, तितकेच घरी वाट पाहणेही कठीण. म्हणून भाऊसाहेबांच्या ह्या सहा वर्षांत शामराव आणि राधाबाईंचाही वाटा आहे.

१९२६ साली पंजाबराव भारतात परतले. हाती ऑक्सफर्डची पदवी होती, बॅरिस्टरीची सनद होती. अशा माणसाला मुंबईला बंगला बांधून राहता आले असते, नाहीतर सरकारी नोकरीत मोठी जागा मिळाली असती. कर्ज तर डोक्यावर होतेच, तेव्हा तसे केले असते तरी कोणी नाव ठेवले नसते. पण ते अमरावतीला आले. तिथेच वकिली सुरू केली, आणि वकिलीबरोबर लोकांचे काम सुरू केले.

मघा वसतिगृहाची गोष्ट ध्यानात ठेवायला सांगितली होती ना? परतल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी अमरावतीला श्रद्धानंद छात्रालय काढले. खेड्यातली मुले तिथे राहून शिकू लागली. एकाच छपराखाली निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत आणि एकत्र जेवत. आज आपल्याला ह्यात काही विशेष वाटत नाही. आपण दुपारी एकाच रांगेत बसून जेवतो. पण तेव्हा ही फार धाडसाची गोष्ट होती.

१९२७ साली अमरावतीच्या अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्य मानलेल्या बांधवांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ झाली. तिच्यात पंजाबराव पुढे होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरही त्या वर्षी ह्यासाठी अमरावतीला आले होते. त्याच वर्षी पंजाबरावांनी विमलाबाई वैद्य ह्यांच्याशी लग्न केले. दोघांची जात वेगळी होती. म्हणजे जे लोकांना सांगायचे ते त्यांनी आधी स्वतःच्या घरी करून दाखवले. विमलाबाईही समाजकार्यात राहिल्या आणि पुढे १९६७ साली राज्यसभेच्या सदस्य झाल्या.

आता आपल्या शाळेशी जवळची गोष्ट. १९२८ साली पंजाबराव अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. आपली जिल्हा परिषद १ मे १९६२ रोजी सुरू झाली. तिच्या आधी जिल्ह्यातल्या शाळा आणि रस्ते ह्यांचे काम हे कौन्सिल पाहत असे. अध्यक्ष झाल्यावर त्यांनी सार्वजनिक विहिरी सर्वांसाठी खुल्या केल्या. ज्यांना विहिरीवर चढू दिले जात नव्हते, त्यांना पाणी भरता येऊ लागले. खेड्यातल्या प्राथमिक शाळा वाढाव्यात आणि प्रत्येक मूल शाळेत यावे, ह्यासाठी त्यांनी खटपट केली.

१९३० साली ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारात मंत्री झाले. शिक्षण आणि शेती ही खाती त्यांच्याकडे होती. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची आणि सावकाराची समोरासमोर तडजोड घडवून आणावी, कर्जाची रक्कम ठरवून ती हप्त्याने फेडता यावी, असा कर्ज-लवादाचा कायदा १९३३ साली झाला. त्यासाठीही पंजाबराव झटले. ज्याचे शिक्षणच गहाण पडलेल्या शेतीवर झाले, त्याला ह्या कायद्याची किंमत कोणी वेगळी सांगायला नको होती.

१९३२ साली अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था सुरू झाली. तिचे संस्थापक भाऊसाहेबच. ह्या संस्थेच्या शाळा, वसतिगृहे आणि कॉलेजे हळूहळू साऱ्या वऱ्हाडात पसरली. पापळच्या मुलाला मॅट्रिकसाठी तीन गावे बदलावी लागली, आणि कॉलेजासाठी तर पुणे गाठावे लागले. पुढच्या पिढीला अमरावतीला, अकोल्याला, आपल्या घराजवळ कॉलेज मिळाले.

स्वातंत्र्यानंतरही त्यांचे काम थांबले नाही. भारताची घटना बनवणाऱ्या घटना समितीचे ते सदस्य होते. १९५२ ते १९६२ ह्या काळात ते दिल्लीच्या सरकारात शेती खात्याचे मंत्री होते. १९५५ साली त्यांनी भारत कृषक समाज स्थापन केला. १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीला जागतिक कृषी प्रदर्शन भरले, त्यामागे त्यांचीच धडपड होती. देशोदेशीची शेती कशी चालते, अवजारे कोणती, बियाणे कोणते, हे आपल्या शेतकऱ्यांना तिथे पाहायला मिळाले. स्वतः शिकायला समुद्रापार गेलेल्या माणसाने ह्या वेळी जगालाच आपल्या शेतकऱ्याच्या दारी आणले.

१० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीला त्यांचे निधन झाले. त्यानंतर चार वर्षांनी, २० ऑक्टोबर १९६९ रोजी, अकोल्याला कृषी विद्यापीठ सुरू झाले आणि त्याला त्यांचे नाव दिले गेले. आपल्या गावचे शेतकरी तिथे बियाणे आणायला आणि शिवारफेरी पाहायला जातात.

मुलांनो, आपल्यापैकी कोणी पुढे पुण्या-मुंबईला शिकायला जाईल, कोणी परदेशीही जाईल. अवश्य जावे. भाऊसाहेब गेले म्हणूनच इतके शिकले. पण जाताना घरचे काय पणाला लागले आहे ते विसरू नये, आणि शिकलेले आपल्या गावच्या कामी कसे येईल ते पाहावे. आणि आईवडिलांनो, तुमच्यापैकी कितीतरी जण आज शामरावांसारखेच कापूस विकून वह्या-पुस्तके घेता, वेळप्रसंगी कर्ज काढून पोराची फी भरता. पोरगी असेल तर तिचीही भरा, एवढीच विनंती. शामरावांनी गहाण टाकलेल्या त्या वावरावर एकट्या पंजाबरावांचेच शिक्षण झाले नाही. वऱ्हाडातली हजारो मुले त्याच्या जोरावर शिकली, आणि अजून शिकत आहेत.