दर आठवड्याला एक नवी चाल
(संगीतकार सुधीर फडके यांची ओळख)



आपल्या वर्गातली बरीच मुले कीबोर्ड वाजवतात. काही जण तर घरच्या कॉम्प्युटरवर स्वतःचे संगीत तयार करतात. 'काका, चार दिवस झाले, नवीन काही सुचतच नाही,' ही तक्रार मी अनेकदा ऐकतो. ज्याला सलग वर्षभर, दर आठवड्याला नवे काही सुचावेच लागले, अशा एका माणसाची आज ओळख करून घेऊ.

सुधीर फडके यांचा जन्म २५ जुलै १९१९ रोजी कोल्हापूरला झाला. त्यांचे खरे नाव रामचंद्र विनायक फडके. लोक त्यांना प्रेमाने 'बाबूजी' म्हणत. आई लहानपणीच गेली. वडील वकील होते, पण पुढे घरची परिस्थिती बिघडली. कोल्हापुरात वामनराव पाध्ये यांच्याकडे त्यांनी शास्त्रीय गाण्याचे शिक्षण घेतले. तरुणपणी मुंबईत मिळेल ती कामे केली. गाण्याचे छोटे कार्यक्रम करत ते उत्तर हिंदुस्थानात गावोगाव फिरले. कित्येक दिवस उपाशी काढले. १९४१ च्या सुमारास एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीत काम मिळाले आणि १९४६ मध्ये पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीच्या 'गोकुल' चित्रपटाला त्यांनी संगीत दिले. १९४९ मध्ये गायिका ललिता देऊळकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

बाबूजी केवळ पेटीपुढे बसणारे संगीतकार नव्हते. १९५४ मध्ये दादरा-नगर हवेली पोर्तुगीजांच्या ताब्यातून सोडवण्याच्या लढ्यात ते स्वतः सामील झाले. त्या लढ्याला पैसा उभा राहावा म्हणून लता मंगेशकरांचा गाण्याचा कार्यक्रमही झाला होता.

या लढ्याला वर्षही झाले नव्हते, तेव्हाच त्यांच्यापुढे एक वेगळेच आव्हान आले. पुणे आकाशवाणीचे सीताकांत लाड यांना वर्षभर चालेल असा गाण्यांचा कार्यक्रम हवा होता. कवी ग. दि. माडगूळकर यांनी रामायणाची कथा गीतांतून सांगायचे ठरवले. चाली अर्थातच बाबूजींच्या. दोघेही १९१९ सालचे, म्हणजे तेव्हा पस्तिशीचे. १ एप्रिल १९५५, शुक्रवार, रामनवमी या दिवशी पहिले गीत प्रसारित झाले. पुढे दर शुक्रवारी सकाळी नवे गीत यायचे. तेच शनिवारी आणि रविवारी पुन्हा लागायचे. आपला वर्ग शुक्रवारी भरतो, तेव्हा ही गोष्ट तुमच्या सहज लक्षात राहील!

आता थोडे गणित करू. बेत ५२ आठवड्यांचा होता. पण त्या वर्षी अधिक महिना आला, त्यामुळे पुढची रामनवमी १९ एप्रिल १९५६ ला पडली. म्हणजे ३८४ दिवस! १ एप्रिलपासून मोजले तर ५५ शुक्रवार होतात. त्यात रामनवमीचे शेवटचे गीत मिळवले की ५६. गीतरामायणाची गीते बरोबर ५६ आहेत.

काम सोपे नव्हते. चित्रपटांची कामे चालूच होती. कवीकडून गीत हाती पडायचे, की त्याला चाल लावायची, गायकाकडून बसवून घ्यायची आणि ध्वनिमुद्रण करायचे. एकेक वाद्य वेगळे मुद्रित करून मागाहून जोडायची सोय तेव्हा नव्हती. सगळ्यांनी एकत्रच वाजवायचे. पहिल्याच गीताची एक आठवण सांगितली जाते. माडगूळकरांनी दिलेला गीताचा कागद बाबूजींकडून हरवला. कवी संतापले. वेळ तर उरलेला नव्हता. शेवटी लाडांनी त्यांना एका खोलीत बसवले आणि त्यांनी ते गीत पुन्हा लिहून दिले.

मग सुचत कसे होते? आम्हा इंजिनीअर लोकांना एक अनुभव नेहमी येतो. 'काहीही करा' असे सांगितले की काम अडून बसते. काय हवे आणि कधी हवे हे ठरले, की डोके चालू लागते. बाबूजींपुढे दर आठवड्याला गाणारे पात्र ठरलेले असे, प्रसंग ठरलेला असे आणि वारही ठरलेला असे. कधी कौसल्या, कधी निषाद, कधी हनुमान. शब्द कोण म्हणतो आहे आणि कोणत्या मनःस्थितीत, हे पाहून ते चाल शोधत. लव-कुशांच्या पहिल्या गीताला साधा, सरळ भूप. रामजन्माला मांडाचा आनंद. भरताला समजावणाऱ्या रामाला शांत यमन. समारोपाला भैरवी. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक, लता मंगेशकर अशा अनेकांचे आवाज त्यांनी पात्राप्रमाणे निवडले. रामाची गीते ते स्वतः गात. गीत कितीही लांब असले तरी एकही शब्द अस्पष्ट जाऊ नये, हा त्यांचा कटाक्ष होता.

घरोघर लोक रेडिओला हार घालून ही गीते ऐकत. पुढे बाबूजींनी एकट्याने गीतरामायणाचे शेकडो कार्यक्रम केले. १९६१ च्या 'भाभी की चूडियाँ' या हिंदी चित्रपटाचे त्यांचे संगीतही गाजले. वीर सावरकरांवरील चित्रपटासाठी त्यांनी अनेक वर्षे खपून पैसा जमवला. तो २००१ मध्ये प्रदर्शित झाला. २९ जुलै २००२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

करून पाहा :
१. फक्त सा, रे, ग, प, ध हे भूपाचे पाच स्वर घ्या.
२. तीनच वाद्ये वापरा. कॉम्प्युटरवर शेकडो आवाज असले तरी!
३. चाल कोणासाठी आहे ते आधी ठरवा. आजीसाठी? की शाळेच्या बससाठी ताटकळणाऱ्या मुलासाठी?
४. गुरुवारी रात्री काम थांबवा. झाले असेल तसे शुक्रवारी वर्गात ऐकवा.
५. असे आठ आठवडे करा.

आठांपैकी सहा चाली साधारण होतील, होऊ द्या. उरलेल्या दोन आपण वर्गाच्या स्नेहसंमेलनात वाजवू.

– एक पालक