वाल्देमार हाफकिन

वाल्देमार हाफकिन (जन्म : ओडेसा, १५ मार्च १८६०, मृत्यू : लोझान, २६ ऑक्टोबर १९३०) हे पटकी (कॉलरा) व प्लेग या रोगांवरील लसी तयार करणारे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. मुंबईतील परळ येथील हाफकिन संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते.

जीवन

ओडेसा येथील ज्यू कुटुंबातील हाफकिन हे प्राणिशास्त्रज्ञ मेचनिकॉव यांचे विद्यार्थी. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस तयार केली व जुलै १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले.

मुंबईतील कार्य

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ उद्भवली. पुढे ती पेण व रोहे हे तालुके असलेल्या तेव्हाच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यासह इलाखाभर पसरली. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील अपुऱ्या जागेत हाफकिन यांनी प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःवर तिचा प्रयोग केला. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात, स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली. आगाखान तिसरे यांच्या पाठिंब्यामुळे खोजा समाजातील हजारो लोकांनी लस घेतली.

लस घेतलेले व न घेतलेले लोक एकाच परिस्थितीत राहत असतील, तरच तुलना खरी ठरते, हे त्यांच्या चाचण्यांचे सूत्र होते. १८९८ मध्ये बडोद्याजवळील उंढेरा गावात प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या माणसांना लस देण्यात आली. प्लेग शिरलेल्या २८ कुटुंबांत लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २६, तर लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ३ जण दगावले. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात हलवण्यात आली.

मुल्कोवाल प्रकरण

ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. त्या सर्वांना एकाच बाटलीतील लस दिली गेली होती. दोष प्रयोगशाळेवर ठेवण्यात आला व हाफकिन यांना पद सोडावे लागले. मात्र बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता, असे नोंदींवरून दिसून आले. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू मांडली आणि १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले. त्यानंतर त्यांनी कोलकात्यात काम केले, परंतु मुंबईची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. १९१५ मध्ये त्यांनी भारत सोडला.

वारसा

१९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले. पुढे तिच्यातून निघालेल्या हाफकिन जीव-औषध महामंडळाने बालकांसाठी पोलिओची तोंडावाटे द्यायची लस पुरवली. तुल्य गटांची तुलना व प्रत्येक मात्रेची नोंद ही तत्त्वे आज बालकांच्या लसींच्या बहुकेंद्री चाचण्यांचाही पाया आहेत. २०११ मध्ये सुरू झालेल्या भारतीय रोटाव्हायरस लसीच्या चाचणीत दिल्ली, पुणे व वेल्लोर या तीन केंद्रांवर एकाच पद्धतीने ६,७९९ बालकांच्या नोंदी ठेवल्या गेल्या.