पाखरांचा प्रामाणिक हिशेबनीस

आमच्या फैजपूरच्या उत्तरेस सातपुडा उभा आहे व दक्षिणेस तापी वाहते. या दोहोंमधील काळ्या मातीत केळीच्या बागा आहेत. बागेत घड किती धरले, याचा हिशेब येथील शेतकऱ्याच्या घरी लहान मुलासही तोंडपाठ असतो. परंतु त्याच बागेत केळफुलातील मध चाखणारे शिंजीर किती, बांधावरच्या निंबावर साळुंक्या किती, अंगणात चिमण्या किती, असे विचारले तर थोरांसही उत्तर सुचत नाही.

हाही हिशेब ठेवावा, अशी रीत आता पुष्कळ देशांत पडली आहे. नाताळच्या दिवशी पाखरे मारण्याची चढाओढ करण्यापेक्षा ती मोजावी, असे अमेरिकेत फ्रँक चॅपमन यांनी १९०० साली सुचविले व त्या दिवशी २७ जणांनी गणना केली. आपल्या देशात २०१३ पासून प्रतिवर्षी फेब्रुवारीत चार दिवस अंगणातील व बागेतील पाखरे मोजली जातात. निदान पंधरा मिनिटे पाखरे न्याहाळावी, जी ओळखली ती मोजावी व संख्या लिहून पाठवावी, एवढेच काम. वरवर पाहता हा खेळ वाटतो. परंतु अशा मोजणीचे मोल किती असते, हे सालिम अली यांच्या चरित्रावरून चांगले कळून येते.

सालिम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईस झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वयाच्या पहिल्या वर्षी पितृछत्र हरपले व तिसऱ्या वर्षी आईही गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी या पोरक्या भाच्यांचा सांभाळ केला. गिरगावातील मिशनच्या मुलींच्या शाळेत बहिणींबरोबर त्यांचा विद्यारंभ झाला व पुढे ते सेंट झेवियर्स शाळेत गेले. डोकेदुखीच्या विकाराने अभ्यासात वारंवार खंड पडे. १९१३ साली ते कसेबसे मॅट्रिक झाले.

बालपणी त्यांना पाखरे मारण्याचा नाद होता. ही गोष्ट त्यांनी कधी लपविली नाही. एकदा घरट्यापाशी बसलेला चिमणा त्यांनी टिपला. चिमणीने लवकरच दुसरा जोडीदार आणला. सात दिवसांत आठ चिमणे पडले व मुलाने ही संख्या वहीत टिपून ठेवली. कृत्य निर्दय खरे. पण नोंद इतकी नेमकी होती की, ती अनेक वर्षांनी छापण्यात आली. पुढे एकदा गळ्यावर पिवळा डाग असलेली निराळीच चिमणी हाती आली. मामांनाही ती ओळखेना. त्यांनी भाच्यास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलार्ड यांच्याकडे पाठविले. मिलार्ड यांनी ती रानचिमणी असल्याचे सांगितले व कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेली शेकडो पाखरे दाखविली. त्या दिवशी या मुलाच्या आयुष्यास दिशा मिळाली.

परंतु दिशा मिळाली म्हणून मार्ग सुकर होत नाही. ब्रह्मदेशातील धंद्यात यश आले नाही. १९१८ साली तेहमिना यांच्याशी विवाह झाला. पदवी नसल्यामुळे सरकारी प्राणिविज्ञान खात्यात जागा मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात मार्गदर्शकाची नोकरी लागली. १९२८ मध्ये रजा घेऊन ते जर्मनीस गेले व बर्लिन येथे स्ट्रेसेमान या थोर पक्षिविद्याविशारदाजवळ शिकले. १९३० साली परत येऊन पाहतात तो पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली!

अशा वेळी दुसरा कोणी खचला असता. सालिम अली पत्नीसह अलिबागजवळील किहीम या समुद्रकाठच्या खेड्यात जाऊन राहिले. तेथे पावसाळ्यात सुगरण पाखरांनी खोपे बांधावयास घेतले. आडोशाला बसून त्यांनी दिवसामागून दिवस प्रत्येक खोप्याची नोंद ठेवली. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी यांनी या खोप्याची थोरवी गाइली आहे, आणि पाखराचे नावच सुगरण असल्याने खोपा मादी विणते असा आपला समज असतो. नोंदींतून निराळेच दिसले. खोपा नर विणतो. तो अर्धा झाला की मादी येऊन पारख करते. तिने पसंत केला तर तो पुरा होतो व नर दुसरा खोपा बांधू लागतो. झाडावर लोंबणारे अर्धवट खोपे हे नापसंतीचे होत. बेकारीच्या त्या दिवसांतील शोधाने त्यांचे नाव सर्वत्र झाले.

त्यानंतर त्यांनी संस्थानिकांकडे केवळ प्रवासखर्च मागून हैदराबाद, त्रावणकोर आदी प्रांतांतील पक्ष्यांची पाहणी केली. १९३९ साली तेहमिना निवर्तल्या, तरी काम थांबले नाही. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचा सचित्र ग्रंथ निघाला व सामान्य माणसास पाखरे नावाने कळू लागली. पुढे रिप्ले यांच्यासह दहा खंडांचा महाग्रंथ १९७४ पर्यंत पुरा झाला. १९५८ साली पद्मभूषण, १९७६ साली पद्मविभूषण व १९८५ साली राज्यसभेचे सदस्यत्व असे मान लाभले. २० जून १९८७ रोजी, नव्वदी ओलांडून, ते मुंबईस कालवश झाले.

एका पाखराने मात्र त्यांना अखेरपर्यंत दर्शन दिले नाही. तो रानपिंगळा. १८८० नंतरच्या काही वर्षांत डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याचे नमुने आपल्या खानदेशातच मिळविले होते. १८८४ नंतर तो कोणास खात्रीने आढळला नाही. पुढे मायनर्ट्झहागेन या प्रतिष्ठित इंग्रजाने, तो आपणास १९१४ साली गुजरातेत मांडवी येथे मिळाला, अशी नोंद दाखविली. या गृहस्थाबरोबर सालिम अली १९३७ साली अफगाणिस्तानात हिंडले होते. सालिम अली व रिप्ले यांनीही रानपिंगळ्याचा शोध केला. तो व्यर्थ गेला. पुढे उघड झाले की, मांडवीची नोंद खोटी असून नमुना डेव्हिडसनच्याच संग्रहातून चोरलेला होता. ती नोंद बाजूस सारून पामेला रासमुसेन व त्यांच्या सोबत्यांनी जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांचा माग काढला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहाद्याजवळ, रानपिंगळा जिवंत दिसला! तोपर्यंत सालिम अली यांना जाऊन दहा वर्षे झाली होती.

विद्यार्थिमित्रहो, एका खोट्या ओळीने किती जाणत्यांना आडवाटेस लावले, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या खऱ्या ओळीने अखेर कसे त्या पाखराच्या झाडापर्यंत आणून सोडले, हे ध्यानी घ्या. फेब्रुवारीत तुम्ही वही घेऊन अंगणात उभे राहाल, तेव्हा सात चिमण्या दिसल्या तर सातच लिहा. शेजाऱ्याच्या वहीत वीस असल्या तरी आठवी लिहू नका. जे पाखरू ओळखू आले नाही, त्याला नाव देऊ नका. एकही दिसले नाही, तर तेही लिहा. तुमची ती ओळ पुढे कोणाला वाट दाखवील, हे आज कोण सांगू शकेल?