भारताचे पहिले कार्डिनल

अमेरिकेचे पहिले कॅथॉलिक राष्ट्राध्यक्ष कोण, असे विचारले तर आपल्यापैकी पुष्कळजण जॉन केनेडी यांचे नाव पटकन सांगतील. जुन्या मंडळींच्या घरात त्यांचा फोटोही असायचा. पण भारताचे पहिले कार्डिनल कोण, असे विचारले तर तरुण मंडळी ओस्वाल्ड ग्रेशस यांचे नाव घेतात. आडनाव बरोबर, माणूस चुकीचा! ओस्वाल्ड ग्रेशस २००७ साली कार्डिनल झाले. त्यांच्या आधी चोपन्न वर्षे हा मान कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस यांना मिळाला होता. या रविवारी आपण त्यांची ओळख करून घेऊ या.

व्हॅलेरियन यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९०० रोजी कराचीत झाला. कुटुंब मूळचे गोव्याचे. पोटासाठी कराची गाठणारी गोव्याची माणसे तेव्हा खूप होती. मंगळूरच्या सेमिनरीत आणि नंतर श्रीलंकेतील कँडीच्या पेपल सेमिनरीत त्यांचे शिक्षण झाले. (हीच सेमिनरी १९५५ साली पुण्याला आली.) १९२६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढे रोमला उच्च शिक्षण घेऊन ते मुंबईत परतले. आर्चबिशपांचे सेक्रेटरी, एक्झामिनर साप्ताहिकाचे संपादक, होली नेम कॅथेड्रलचे रेक्टर अशी कामे त्यांनी केली. वक्ता म्हणून त्यांचे नाव मोठे होते.

आता थोडे मागे गेले पाहिजे, कारण खरी गोष्ट इथेच आहे. पोर्तुगाल आणि रोम यांच्यात १९२८ साली एक करार झाला होता. मुंबईचे आर्चबिशप एकदा पोर्तुगीज असावेत, तर पुढच्या वेळी ब्रिटिश, असे त्यात ठरले होते. म्हणजे गादी मुंबईची, माणसे इथली, आणि पाळी मात्र दोन परक्या देशांची! आज वाचताना नवल वाटते. या करारानुसार आधी पोर्तुगीज जेज्वीट आर्चबिशप लिमा झाले. त्यांच्यानंतर १९३७ साली इंग्रज जेज्वीट थॉमस रॉबर्ट्स यांची नेमणूक झाली. रॉबर्ट्स यांच्यानंतर पुन्हा पोर्तुगीजांची पाळी येणार होती.

रॉबर्ट्स यांना हे पटत नव्हते. देश स्वतंत्र होणार हे दिसत होते आणि इथली ख्रिस्तसभा इथल्याच माणसाच्या हाती जावी असे त्यांचे मत होते. १९४६ साली व्हॅलेरियन ग्रेशस साहाय्यक बिशप झाले. मग रॉबर्ट्स यांनी फार क्वचित घडणारी गोष्ट केली. त्यांनी कारभार आपल्या या साहाय्यकाच्या हाती सोपवला आणि ते स्वतः मुंबईपासून दूर राहिले. १९५० साली पोर्तुगालने आपला हक्क सोडला. त्यानंतर रॉबर्ट्स यांचा राजीनामा स्वीकारला गेला आणि डिसेंबर १९५० मध्ये ग्रेशस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. आपल्याला वाटते, पहिला होणाऱ्याइतकाच त्याला वाट करून देणाराही मोठा असतो. रॉबर्ट्स यांचे नाव आज फारसे कोणी घेत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

आपल्याकडेही हाच बदल त्याच सुमारास झाला. आपला नगर जिल्हा तेव्हा पुणे धर्मप्रांतात होता. तिथे जर्मन बिशप डोरिंग यांच्यानंतर १९४९ साली आंद्रू डिसोजा हे भारतीय बिशप आले. नाशिक धर्मप्रांत आणि त्याचे पहिले महागुरू थॉमस भालेराव यांच्यासाठी मात्र १९८७ पर्यंत थांबावे लागले.

१२ जानेवारी १९५३ रोजी पोप बारावे पायस यांनी ग्रेशस यांना कार्डिनल केले. त्याच यादीत रोंकाल्ली नावाचे एक इटालियन आर्चबिशप होते. पाच वर्षांनी तेच पोप तेविसावे जॉन झाले.

तो काळ सोपा नव्हता. मध्य प्रदेशात मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करण्यासाठी नियोगी समिती नेमली गेली होती. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता आणि आपले कार्डिनल मूळचे गोव्याचे. ख्रिस्ती माणूस मनाने कुणाचा, देशाचा की रोमचा, हा प्रश्न तेव्हा उघडपणे विचारला जाई. अमेरिकेतही तो विचारला जात होताच. १९२८ साली अल स्मिथ या कॅथॉलिक उमेदवाराचा पराभव झाला, तेव्हा त्यांच्या धर्मावरून बरेच काहूर उठले होते. १९६० साली केनेडींनाही प्रॉटेस्टंट पाळकांसमोर उभे राहून, आपण रोमच्या हुकमाने राज्य करणार नाही, असे सांगावे लागले. कार्डिनल ग्रेशस यांनी भारतीय कॅथॉलिक हा पूर्णपणे भारतीय आहे, ही भूमिका कधी सोडली नाही. १९६६ साली भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले.

डिसेंबर १९६४ मध्ये पोप सहावे पॉल मुंबईच्या युखरिस्त परिषदेला आले. भारतात पाय ठेवणारे ते पहिले पोप, आणि त्यांचे यजमान होते आपले कार्डिनल. जाताना पोपमहाशयांनी आपली मोटार मदर तेरेसांना देऊन टाकली. मदरनी ती सोडतीत काढून कुष्ठरोग्यांसाठी पैसा उभा केला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेतही कार्डिनल ग्रेशस सहभागी होते. आज आपण मराठीत मिस्सा करतो, ती वाट याच परिषदेने मोकळी केली.

ऑगस्ट १९७८ मध्ये नवीन पोप निवडायचे होते, पण कार्डिनल आजारी असल्यामुळे रोमला जाऊ शकले नाहीत. ११ सप्टेंबर १९७८ रोजी, पवित्र मारियेच्या जन्मोत्सवानंतर तीनच दिवसांनी, त्यांना देवाज्ञा झाली. त्यांच्या जागी आलेले सायमन पिमेंटा मरोळचे, म्हणजे मुंबईच्याच मातीतले. २०२२ साली हैदराबादचे अँथनी पूला हे दलित समाजातले पहिले कार्डिनल झाले, तेव्हा आपल्या जिल्ह्यातल्या अनेक घरांत आनंद झाला. व्हॅलेरियन ग्रेशस कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलमध्ये विसावले आहेत. मुंबईला गेलात तर तिथे थांबून एक नमो मारिया जरूर म्हणा.