अण्णांचे वसतिगृह

गरीब घरातील हुशार मुलाने आठवड्याचे सात वार सात घरी लावून जेवावे आणि शिकावे, ही रीत जुन्या महाराष्ट्रात होती. जुन्या म्हैसूर संस्थानात आणि बेंगळुरूतही वारान्नावर शिकलेली पिढी होऊन गेली. या रीतीने अनेकांचे कल्याण केले; परंतु तिचा उंबरठा जातीचा होता. ज्याला कोणाच्याही स्वयंपाकघरापर्यंत जाता येत नव्हते, त्याने शिकावे कसे? कर्मवीर भाऊराव पाटील यांचे सारे जीवन या एका प्रश्नाभोवती फिरले.

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूरनजीकच्या कुंभोज गावी जैन कुटुंबात झाला. घराण्याचे मूळ दक्षिण कर्नाटकातील मूडबिद्रीचे. कोल्हापुरात शिकत असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास ते गेले आणि परतल्यावर, नियमाप्रमाणे, स्नान करून मग पंक्तीस बसण्यास त्यांनी नकार दिला. स्वतःच्या वसतिगृहातून त्यांना बाहेर पडावे लागले. शालेय शिक्षणही पुढे अर्धवटच राहिले. ज्याला एका वसतिगृहाने बाहेर काढले, त्यानेच पुढे सर्वांसाठी वसतिगृहे उघडावीत, हा योगायोग म्हणावा की त्या अपमानाचेच फळ?

ओगले यांच्या काच कारखान्याचा आणि किर्लोस्करांच्या नांगरांचा प्रचार करीत ते गावोगाव हिंडले. खेडी त्यांना कळली ती या भटकंतीत. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू झाले. 1927 मध्ये महात्मा गांधींनी तेथे येऊन त्यास राजर्षी शाहू महाराजांचे नाव दिले. मराठा, महार, जैन, मुसलमान अशी सर्व मुले तेथे एका पंक्तीत जेवत, आळीपाळीने स्वयंपाक करीत, शेतात राबत. मुले त्यांना अण्णा म्हणत.

चरित्रकारांचे लक्ष बहुधा शाळांच्या संख्येकडे जाते. खरे मोल मात्र त्या स्वयंपाकघराचे आहे. पोटभर जेवण, राहण्यास छप्पर आणि आपल्या अभ्यासाची वास्तपुस्त करणारे एक वडीलधारे माणूस, एवढे मिळाले की खेड्यातला मुलगा टिकतो, हे अण्णांनी ओळखले होते. त्याचा भार घरावरही पडला. पत्नी लक्ष्मीबाई वसतिगृहातील मुलांच्या आई झाल्या. एकेक दागिना गेला आणि एकदा घरात दाणा उरला नाही तेव्हा मंगळसूत्रही मुलांच्या अन्नासाठी गेले. 1930 मध्ये त्या निवर्तल्या. संस्थेचा पुढचा विस्तार पाहणे त्यांच्या वाट्याला आले नाही.

एका कुटुंबाच्या त्यागावर असे कार्य किती काळ चालणार? अण्णांनी लोकांकडे धान्य मागितले. सुगीत शेतकऱ्याने मूठ-पसा द्यावा, तो वसतिगृहाच्या कोठारात जमा व्हावा. रोख रक्कम देणे ज्यांना परवडत नव्हते, तेही अशा रीतीने दाते झाले आणि गाव त्या मुलांना आपली मानू लागले. मुलांनाही फुकट खाण्याची सवय नको, म्हणून श्रमाची अट होती. कमवा आणि शिका ही योजना यातूनच वाढली. 1935 मध्ये साताऱ्यास शिक्षकांसाठी अध्यापन विद्यालय निघाले, कारण मुलांना सांभाळणारी माणसेही घडवावी लागतात.

1948 मध्ये या साऱ्याची परीक्षा झाली. शासनाशी मतभेद झाले आणि संस्थेचे अनुदान थांबले. शेकडो शिक्षकांचे वेतन आणि हजारो मुलांचे शिक्षण टांगणीस लागले. अण्णा पुन्हा गावोगाव फिरले. संत गाडगे महाराजांसारखे स्नेही पाठीशी उभे राहिले. शाळा बंद पडल्या नाहीत. पुढे अनुदानही पूर्ववत झाले. शासनाची मदत अण्णांनी कधी नाकारली नाही, पण संस्थेचा पाया त्यांनी तिच्यावर घातलेला नव्हता.

1959 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि पुणे विद्यापीठाने सन्मान्य डी. लिट. ही पदवी अर्पण केली. मॅट्रिकही न झालेल्या माणसाला. त्याच वर्षी 9 मे रोजी त्यांचे निधन झाले. संस्थेच्या बोधचिन्हावर त्यांनी वटवृक्ष घेतला होता. वडाच्या पारंब्या जमिनीत रुजून त्यांचे खोड होते. त्यांच्या वसतिगृहात वाढलेली अनेक मुले पुढे त्याच संस्थेत शिक्षक झाली आणि नव्या मुलांच्या पंक्तीत जेवायला बसली.