रेव्हरंड टिळकांचा दरबार

ख्रिस्ती धर्मातील पंथभेदांचा विचार निघाला की आपली दृष्टी रोम, जर्मनी आणि इंग्लंडकडे वळते. महाराष्ट्रातील भेदांचे मूळ मात्र पुष्कळ अंशी कार्यक्षेत्रांच्या वाटणीत होते. नाशिककडे इंग्लंडची चर्च मिशनरी सोसायटी, अहमदनगरकडे अमेरिकन मराठी मिशन, जालन्याकडे स्कॉटिश मिशन. साहजिकच येथील ख्रिस्ती मनुष्य कोणत्या पंथाचा, हे त्याच्या श्रद्धेपेक्षा त्याच्या गावावरून ठरे. ज्या वादांशी त्याच्या पूर्वजांचा काडीचाही संबंध नव्हता, ते वाद त्याच्याकडे वारसा म्हणून आले.

या वारशाला नकार देणारा पुरुष म्हणजे कवी नारायण वामन टिळक. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे १८६१ साली त्यांचा जन्म झाला. त्यांचे काही शिक्षण नाशकात झाले आणि पत्नी लक्ष्मीबाई यांचे माहेर नाशिकजवळचे जलालपूर. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अहमदनगर ही त्यांची कर्मभूमी झाली. तेथे ते धर्मशिक्षक होते. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली.

निफाडात जन्मलेल्या न्यायमूर्ती रानडे यांनी वारकरी संतांच्या चळवळीची युरोपातील धर्मसुधारणेशी तुलना केली होती. टिळकांनी त्याच संतांच्या वाटेने ख्रिस्ताकडे पाहिले. परकीय चालींवर बसवलेल्या भाषांतरित गीतांच्या जोडीला त्यांनी अभंग आणि भजने दिली, कीर्तनाचा अंगीकार केला. ही भजने कोणा एका मिशनची मालमत्ता राहिली नाहीत. निरनिराळ्या पंथांच्या मराठी उपासनांत ती आजही गायली जातात.

परंतु टिळक तेवढ्यावर थांबले नाहीत. १९१७ साली त्यांनी मिशनच्या वेतनावर पाणी सोडले आणि साताऱ्यास जाऊन 'देवाचा दरबार' स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांप्रमाणेच न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान होते. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला यातील वेतनत्याग विशेष महत्त्वाचा वाटतो. ज्या संस्थेचा खर्च बाहेरून येतो, तिचे निर्णयही हळूहळू बाहेरच होऊ लागतात. मिशनच्या पगारावर जगणाऱ्या कार्यकर्त्याला पंथाची चौकट ओलांडणे सोपे नसते, कारण तीत त्याचे घर चालत असते. टिळकांनी हा धोका प्रथम स्वतः पत्करला. मात्र ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले आणि त्यांच्या मागे दरबार टिकला नाही.

पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंस्थांचे मीलन होऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' अस्तित्वात आले. धर्मांतरापूर्वी टिळकांनी काही वर्षे काढली ती याच नगरीत. मीलनाच्या वाटाघाटी सुमारे चाळीस वर्षे चालल्या होत्या. तरीही अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट अखेरच्या क्षणी बाहेर राहिले. कॅथलिकांची व्यवस्था तर स्वतंत्रच आहे. १९८७ पासून नाशकात त्यांचा वेगळा धर्मप्रांत आहे.

उपासनेच्या पद्धती अनेक असाव्यात, यात वावगे काही नाही. टिळकांच्या दरबारातही सर्व एका साच्याचे नव्हते. प्रश्न आहे तो ऐक्यासाठी कोण काय सोडणार, हा. घटना, समित्या आणि मालमत्तेची व्यवस्था यांचे महत्त्व नाकारता येत नाही. परंतु टिळकांनी चर्चेला बसण्यापूर्वी स्वतःचे वेतन सोडले होते. ऐक्याची भाषा बोलणाऱ्या कोणत्याही समाजाने, मग तो ख्रिस्ती असो वा अन्य, त्यांच्या चरित्रातील हे एक पान तरी नजरेआड करू नये.