हार्वर्डहून परळकडे : आचार्य धर्मानंद कोसंबी

अलीकडे वर्धापनदिनाच्या सभेत माजी विद्यार्थ्यांची नावे वाचली जातात, तेव्हा त्यांत परदेशी शहरांची नावेही ऐकू येतात. टाळ्या वाजतात, मागच्या रांगेत बसलेल्या आईबापांचे डोळे भरून येतात. आम्हांलाही अभिमान वाटतो. मात्र हीच मुले सुट्टीत गावी येऊन भेटतात, तेव्हा बोलणे हटकून एकाच वळणावर येते : तिकडे सगळे कसे नीट चालते आणि इकडे अजून काहीच कसे हलत नाही. त्यांचे म्हणणे खोटे नसते. पण ते ऐकताना आम्हांला शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेच्या एका मोठ्या विद्यापीठात नाव कमावलेल्या, आणि प्रत्येक वेळी परत आलेल्या, एका माणसाची आठवण होते. स्मरणिकेच्या या अंकात त्यांच्याविषयी लिहावे, असे म्हणूनच ठरविले.

धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ येथे एका सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. शाळेतील शिक्षण अल्प. घरची नारळीची बागायत सांभाळणे हेच पुढ्यातले काम. लहान वयात बाळाबाईंशी लग्न झाले. अशात ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकातील भगवान बुद्धांवरील एक लेख त्यांच्या वाचनात आला आणि त्या लेखाने त्यांचे आयुष्य फिरविले. मुलांच्या मासिकातला एक लेख! आमच्या वाचनालयात मासिके चाळत बसणाऱ्या मुलांना आम्ही हे आवर्जून सांगत असतो.

१८९९ मध्ये संस्कृत व बौद्ध धर्म शिकण्यासाठी त्यांनी घर सोडले. पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्याकडे, मग ग्वाल्हेर, मग काशी, असे ते हिंडले. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. बौद्ध धर्म पाहण्यासाठी नेपाळात गेले आणि तेथे जे दिसले त्याने निराश होऊन बुद्धगयेस आले. भारताच्या भूमीवर जन्मलेला धम्म भारतात शिकण्याची सोय नाही, हे तेथे त्यांना कळून चुकले. १९०२ मध्ये ते सिंहलद्वीपास पोहोचले आणि कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली पाली शिकू लागले. तेथेच त्यांनी प्रव्रज्याही घेतली. पुढे ब्रह्मदेशातही राहिले. जे आपल्या घरचे, ते शिकण्यासाठी समुद्र ओलांडावा लागला, ही खंत त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाच्या मुळाशी आहे, असे आम्हांला वाटते.

या वर्षांत बाळाबाई गोव्यात होत्या, पदरी लहान मुलगी माणिक. धर्मानंदांच्या ज्ञानयात्रेची वर्णने पुष्कळ झाली. बाळाबाईंनी ती वर्षे कशी काढली, याविषयी कोणी विस्ताराने लिहिलेले आमच्या पाहण्यात नाही. सिद्धार्थाच्या गृहत्यागाचा गौरव करताना यशोधरेची आठवण ठेवावी लागते; येथेही ठेवली पाहिजे. १९०६ मध्ये ते परतले, चीवर उतरवून गृहस्थाश्रमात आले.

त्यांच्याजवळ कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती. तरी कलकत्ता विद्यापीठाने त्यांना पाली शिकविण्यास नेमले. तेथे राहिले असते तर चांगला पगार, स्थैर्य आणि मान हे सगळे होते. परंतु बंगालात बसून महाराष्ट्रात पालीचा प्रसार होणार नव्हता. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी महाराष्ट्रात कोठेही राहून अभ्यास व लेखन करावे म्हणून दरमहा ५० रुपये देऊ केले, ते त्यांनी पत्करले. कलकत्त्यास त्याहून कितीतरी अधिक मिळाले असते. त्यानंतर बडोद्यास दिलेल्या व्याख्यानांतून ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे पुस्तक झाले. मराठी वाचकाला मूळ पाली आधारांवरून बुद्धाची ओळख करून देणाऱ्या पहिल्या पुस्तकांपैकी ते एक होय.

आता अमेरिका. हार्वर्ड विद्यापीठात हेन्री क्लार्क वॉरन नावाच्या विद्वानाने बुद्धघोषाचार्यांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाचे संपादन हाती घेतले होते. ते अपुरे टाकून १८९९ मध्ये ते वारले. शील, समाधी आणि प्रज्ञा या तीन पायऱ्यांनी धम्ममार्ग उलगडणारा हा पाचव्या शतकातील ग्रंथ. वेगवेगळ्या लिप्यांतील हस्तलिखिते ताडून शुद्ध पाठ ठरविणे हे काम पाली परंपरेत मुरलेल्या माणसाचेच. हार्वर्डचे जेम्स वुड्स भारतात आले असता त्यांची आणि कोसंबींची ओळख झाली होती. त्यांच्यामार्फत बोलावणे आले आणि १९१० मध्ये कोसंबी बोस्टनजवळच्या केंब्रिज गावी पोहोचले.

काम त्यांनी मनापासून केले. पण ग्रंथावर नाव कोणाचे आणि कसे यावे, या प्रश्नावरून तेथील ज्येष्ठ प्राध्यापक चार्ल्स लॅनमन यांच्याशी त्यांचे पटले नाही. श्रम यांचे आणि मान दुसऱ्याचा, हे त्यांना मान्य होण्यासारखे नव्हते. १९१२ मध्ये काम तसेच ठेवून ते निघून आले. परदेशातील विद्यापीठे म्हणजे निव्वळ गुणांची कदर, असे समजणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. त्याच वास्तव्यात त्यांनी समाजवादाचा अभ्यास केला. अमेरिकेच्या वैभवाने ते दिपले नाहीत. ते वैभव कोणाच्या श्रमावर उभे आहे, हा प्रश्न त्यांनी विचारला आणि परत आल्यावर तोच प्रश्न आपल्याकडेही विचारू लागले.

१९१२ ते १९१८ या काळात ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवीत होते. पु. वि. बापट यांच्यासारखे पुढे जगन्मान्य झालेले पाली पंडित त्यांच्या हाताखाली तयार झाले. महाराष्ट्रात महाविद्यालयांतून पाली शिकविली जाऊ लागली, त्याचे मोठे श्रेय त्यांचे.

येथे आम्हांला थोडे थांबावेसे वाटते. ज्या सयाजीरावांनी कोसंबींना ५० रुपये दिले, त्यांनीच १९१३ मध्ये दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन बाबासाहेबांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविले. बाबासाहेब तेथे एम.ए. झाले, डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला आणि १९१७ मध्ये करारानुसार नोकरीसाठी बडोद्यास आले. त्यांना शहरात राहावयास जागा मिळेना. नाव बदलून पारशांच्या वसतिगृहात उतरले, तर काठ्या घेऊन आलेल्या जमावाने तेथूनही बाहेर काढले. त्याच वर्षी, पदवी नसलेले कोसंबी पुण्यात सन्मानाने अध्यापन करीत होते. यात कोसंबींचा काही दोष नाही, आणि त्यांची योग्यता पदवीहून मोठी होती हेही खरे. पण परदेशाहून परतणाऱ्या दोन विद्वानांसाठी एकाच मायभूमीची दोन दारे होती, आणि कोणते उघडावयाचे हे जात ठरवीत होती. परत येण्याचे मोल सर्वांना सारखे मोजावे लागत नाही. इतिहास शिकविणाऱ्याने हे झाकून ठेवू नये.

१९१८ मध्ये हार्वर्डने पुन्हा बोलाविले. या वेळी माणिक आणि दामोदर ही दोन मुले बरोबर होती. माणिक रॅडक्लिफ महाविद्यालयाची पदवीधर झाली. त्या काळच्या मराठी मुलीसाठी ही गोष्ट केवढी मोठी! दामोदर तेथल्याच शाळेत वाढले, १९२९ मध्ये हार्वर्डचे पदवीधर झाले, आणि पुढे गणितज्ञ व इतिहासकार दा. ध. कोसंबी म्हणून जगाला माहीत झाले. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी तर त्यांचे ऋणीच आहोत. वडील १९२२ मध्ये परतले, गुजरात विद्यापीठात राहिले, पुन्हा १९२६ मध्ये गेले. १९२९ मध्ये लेनिनग्राडच्या बौद्ध विद्यासंस्थेत त्यांनी अध्यापन केले. समाजवादी प्रयोग त्यांनी तेथे जवळून पाहिला. त्यातली समता त्यांना भावली, हिंसा मानवली नाही. १९३० मध्ये देशात मिठाचा सत्याग्रह उभा राहिला, तेव्हा ते त्यात उतरले, स्वयंसेवक जमविले, कारावास भोगला. सुटल्यावर हार्वर्डला आणखी एक फेरी झाली.

हार्वर्डला ते चार वेळा गेले आणि चारही वेळा परत आले. देशाच्या प्रगतीचे त्यांचे माप रेल्वे, गिरण्या किंवा विद्यापीठांच्या इमारती हे नव्हते. बुद्धाचा विचार श्रमणाऱ्या माणसापर्यंत पोहोचला की नाही, हे होते. १९३७ मध्ये मुंबईच्या परळ भागात, गिरणी कामगारांच्या आणि आपल्या समाजाच्या वस्तीजवळ, त्यांनी ‘बहुजन विहार’ उभारला. हार्वर्डमध्ये शिकविलेला साठीचा माणूस तेथे राहू लागला. दीक्षाभूमीच्या सोहळ्याला अजून एकोणीस वर्षे अवकाश होता.

याच सुमारास त्यांचे ‘भगवान बुद्ध’ प्रसिद्ध झाले. वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही कथा त्यांनी तपासून बाजूला सारली. सुत्तनिपातातील अत्तदंडसुत्ताचा आधार घेऊन त्यांनी दाखविले की, माणसे शस्त्र उचलून एकमेकांशी झगडतात याचा उबग हे गृहत्यागाचे कारण होते. आणि शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याशी त्यांनी त्याचा संबंध जोडला. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ वाचलेल्यांना हे ओळखीचे वाटेल; बाबासाहेबांनीही गृहत्यागाचा प्रसंग रोहिणीच्या तंट्यातूनच मांडला आहे.

शेवटाविषयी मात्र आमचे मन त्यांच्याशी जुळत नाही. पार्श्वनाथाच्या चातुर्याम धर्माचा प्रभाव त्यांच्यावर पडला होता. शरीर थकले, उपयोग उरला नाही, असे वाटून त्यांनी अन्नत्याग करून देह ठेवण्याचे ठरविले. गांधीजींनी एकदा परावृत्त केले. पण ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम आश्रमात अन्नत्यागानेच त्यांचा अंत झाला. तथागतांनी उपोषणाचा मार्ग स्वतः अनुभवून सोडून दिला होता, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? सेवाग्रामशी आमचे मतभेद जुने आहेत, पण येथे प्रश्न तो नाही. इतके पाली पचविलेल्या माणसाने मध्यम मार्ग अखेरीस का सोडला, हे आम्हांला उमगत नाही.

‘विसुद्धिमग्गा’ची हार्वर्ड आवृत्ती १९५० मध्ये, त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी निघाली. मुखपृष्ठावर संपादक म्हणून वॉरन यांचे नाव आहे आणि ती सुधारणारे म्हणून कोसंबींचे. ही आवृत्ती रोमन लिपीत आहे. देवनागरी लिपीतील त्यांची स्वतःची आवृत्ती त्याआधी दहा वर्षे, १९४० मध्ये, मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने छापली होती. तिच्यावर संपादक म्हणून एकच नाव आहे, धर्मानंद कोसंबी.